व्हॉल्व जळालाय की रिंगा गेल्यात? सिलिंडर बोअरला देण्याआधी

"कॉम्प्रेशन गेलं भाऊ, इंजिनचं काम निघालं." किक हलकी लागणारी, चढावर दम टाकणारी शंभर-दीडशे सीसीची गाडी घेऊन नागपुरातल्या कुठल्याही गॅरेजात जा, हे वाक्य ऐकायला मिळतंच. ते खोटं नसतं, फक्त अर्धं असतं. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं सिलिंडरात तयार होणारा दाब, बहुतेक वेळा दोनपैकी एका वाटेनं जातं. एक तर वर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व (जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप) जळतो आणि सीटवर, म्हणजे बंद झाल्यावर तो टेकतो त्या कड्यावर, घट्ट बसेनासा होतो, नाही तर खाली सिलिंडरात पिस्टनवरच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) घासतात. पहिल्यात हेड उतरवून काम भागतं. दुसऱ्यात सिलिंडर बोअरला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, जातो आणि वरच्या मापाचा पिस्टन-रिंग सेट घ्यावा लागतो. बिलात बराच फरक पडतो, त्यामुळे इंजिन खोलण्याआधी हवा नेमकी कुठून निसटते ते विचारायचा हक्क आपल्याला आहे.

यामाहा आरएक्स किंवा जुन्या येझदीवाल्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. टू-स्ट्रोक इंजिनात हे व्हॉल्व नसतातच.

पहिली खूण धुराची. रिंगा गेल्या की ऑइल वर चढतं, जळतं आणि ॲक्सिलरेटर पिळला की निळसर धूर निघतो. आपल्याकडे सगळे त्याला पांढराच म्हणतात. ऑइलची पातळी उतरत जाते आणि पिकअप महिनोन्‌महिने हळूहळू कमी होतो. नुसता व्हॉल्व जळाला असेल तर धूर नसतो. आयडलिंगला गाडी अडखळते, सायलेन्सरमधून मधूनच फट् असा आवाज येतो आणि बिघाड बराच लवकर वाढतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्वला दाबून उघडणारा भाग, घट्ट असेल (त्याच्या आणि व्हॉल्वच्या मधली बारीक फट उरली नसेल) तर आणखी एक लक्षण दिसतं: सकाळी थंड गाडी पटकन सुरू होते, पण गरम झाल्यावर सिग्नलला बंद पडली की किक मारून मारून पाय दुखतो. रात्रभर उभ्या गाडीनं सुरू करताच धुराचा एकच भपकारा सोडला आणि मग ती साफ चालली, तर बहुधा व्हॉल्वचं ऑइल सील गेलंय. तेवढ्यावरून कुणी बोअर सुचवला तर गाडी परत घेऊन या.

धुरावर निकाल देऊ नये, हवेवर द्यावा. इग्निशन बंद ठेवून किक हातानं हळूहळू दाबा. दाब यायला लागला की कान सायलेन्सरच्या तोंडाशी न्या. तिथं फुस्स ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व. ऑइल भरायचं झाकण उघडून तिथं हवा जाणवली तर रिंगा. कार्बोरेटरकडून आली तर इनटेक व्हॉल्व. कॉम्प्रेशन गेज असेल तर अजून सोपं. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून आकडा घ्या, मग प्लगच्या भोकातून लहान चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चांगला वाढला तर दोष रिंगांचा, कारण ऑइलनं त्यांची फट तात्पुरती बुजवली. जवळपास तेवढाच राहिला तर दोष वर हेडमध्ये आहे. काही मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनांत किक किंवा सेल्फ हलका लागावा म्हणून दाब सोडणारी यंत्रणा असते. तिथं कमी आकडा बघून घाबरू नये.

व्हॉल्व जळाला की नागपुरात उन्हावर खापर फुटतं. मे महिन्यात वर्धा रोडनं भर दुपारी बुटीबोरीपर्यंत गाडी पिळली की इंजिन तापतं, हे खरं. पण एक्झॉस्ट व्हॉल्वचं डोकं एरवीही सातशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं, बाहेर ३५ आहे की ४५ यानं त्याला फार फरक पडत नाही. ही उष्णता मुख्यतः व्हॉल्व बंद असताना सीटमधून हेडमध्ये उतरते. टॅपेटची फट संपली की व्हॉल्व पुरता बसत नाही, उष्णतेला वाट उरत नाही आणि जळता वायू त्याच चिरेतून जोरानं निघत कडा खात जातो. फट संपवतो कोण? काही अंशी झीज, कारण सीट बसत गेली की फट आपोआप कमी होते. आणि बऱ्याचदा आपणच. "टॅपेट वाजून राहिले, जरा कसून द्या" ही फर्माईश मला सगळ्यात घातक वाटते. छोट्या गाड्यांत ही फट साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. ती इंजिन थंड असताना फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायची, आवाजावरून नाही.

हेड खाली आल्यावर स्वतः बघा. जळालेल्या व्हॉल्वच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखी खाच दिसते. असा व्हॉल्व पेस्टनं घासून वाचत नाही, नवाच टाकायचा. सीटवर नुसते बारीक डाग असतील तर नवा व्हॉल्व ग्राइंडिंग पेस्ट लावून घासला, की सगळीकडे सारखा राखाडी पट्टा उमटतो आणि काम होतं. सीट खोल खाल्ली असेल तर लेथवाल्याकडे कटिंग करून घ्यावं लागतं. गाइड (व्हॉल्वची दांडी ज्यातून सरकते ती नळी) ढिला असेल तर तो आधी बदलायचा, कारण कटर गाइडमध्येच केंद्र धरतो. पेस्टचा कण न कण धुऊन काढला पाहिजे, नाही तर तीच पेस्ट रिंगा खाईल. जोडणीआधी व्हॉल्व आणि प्लग बसवून हेडच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतायला सांगा. काही मिनिटांत आतल्या बाजूला पाझर दिसला तर काम पुन्हा करायचं.

दोन्ही दोष एकत्रही असू शकतात. रिंगांतून चढलेल्या ऑइलचा कार्बन सीटवर अडकतो आणि व्हॉल्व जळतो. अशा गाडीत नुसतं हेड केलं तर पिकअप येईल, धूर तसाच राहील. तिथं बोअर सांगणारा मेकॅनिक बरोबर असतो.

नवा व्हॉल्व सीटवर बसत जातो तशी फट पुन्हा कमी होते, म्हणून काही शे किलोमीटरनंतर टॅपेट परत तपासून घ्या. थंड इंजिनावर थोडी टिकटिक राहिली तर राहू द्या.