एचडी वाहिन्या आणि चित्राचा दर्जा (भारत)

एचडी वाहिनी म्हणजे ७२० किंवा १०८० आडव्या रेषांचे चित्र १६ः९ या रुंद चौकटीत देणारी दूरचित्रवाणी वाहिनी. ‘हाय डेफिनिशन’चे हे लघुरूप. भारतात अशी वाहिनी बहुधा आधीपासून चालू असलेल्या साध्या, म्हणजे एसडी, वाहिनीची जोडवाहिनी असते. कार्यक्रम तेच आणि वेळाही त्याच, पण क्रमांक वेगळा, दर वेगळा आणि चित्र वेगळे. चित्र नेमके किती वेगळे दिसेल, हे मात्र नावापुढच्या दोन अक्षरांवरून ठरत नाही. एकच वाहिनी एकाच क्षणी एका घरात छत्रीवरून आणि शेजारच्या घरात केबलवरून पाहिली, तर डोळ्यांना सहज जाणवेल एवढा फरक पडू शकतो. एचडी हे अक्षर रेषा मोजते. त्या रेषांमध्ये किती तपशील शिल्लक राहिला, हे ते सांगत नाही.

साध्या वाहिनीचे चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपक्यांचे असते. पूर्ण एचडी चित्र १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचे, बरोबर पाचपट. भारतात बहुतेक एचडी वाहिन्या १०८०आय पद्धतीने प्रसारित होतात. त्यात सेकंदाला ५० अर्धी चित्रे येतात, एकात विषम रेषा तर पुढच्यात सम रेषा, आणि टीव्ही ती सांधून पूर्ण चित्र उभे करतो. सांधणारे यंत्र हलक्या प्रतीचे असेल, तर धावणाऱ्या गोलंदाजाच्या हाताची कड करवतीच्या दातांसारखी दिसते. हा दोष वाहिनीचा नाही आणि पुरवठादाराचाही, म्हणजे डीटीएच किंवा केबल कंपनीचाही, नाही, तो भिंतीवरच्या टीव्हीचा आहे.

भारतातील आगमन

एचडीचे संशोधन जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेत १९६० च्या दशकात सुरू झाले. आज जगभर पाळले जाणारे एचडी चित्राचे मानक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९० मध्ये मान्य केले. भारतात एचडी घरोघर पोहोचायला त्यानंतर आणखी दोन दशके लागली. रंगीत दूरचित्रवाणीप्रमाणे इथेही क्रीडास्पर्धाच निमित्त ठरली. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धांनी दूरदर्शनला रंग दिला होता. २०१० च्या ऑक्टोबरात दिल्लीतच झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दूरदर्शनची एचडी वाहिनी सुरू झाली. २०११ मध्ये स्टार प्लस आणि झी टीव्ही यांसारख्या मोठ्या हिंदी मनोरंजन वाहिन्यांची एचडी रूपे आली.

मराठी प्रेक्षकाला आपल्या भाषेतल्या एचडी वाहिनीसाठी २०१६ पर्यंत थांबावे लागले. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांची एचडी रूपे त्या वर्षी महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी सुरू झाली आणि झी मराठीचे नोव्हेंबरात. हिंदीच्या मागे पाच वर्षे हे अंतर थोडे नव्हे, आणि त्याचे कारण चित्रीकरणात नव्हते. एचडी कॅमेरे मालिकांच्या सेटवर आधीच आलेले होते. म्हणजे चित्रीकरण पाचपट तपशिलाने होत होते आणि प्रेक्षकापर्यंत त्याचा पाचवा हिस्सा जात होता. अडत होते ते आकाशातल्या जागेपाशी आणि जाहिरातीच्या गणितापाशी.

वाहिनी सुरू झाली म्हणजे ती आपल्या घरात आली, असे मात्र होत नाही. प्रसारक वाहिनी उपग्रहावर चढवतो, तिथून ती उचलून ग्राहकाला देणे हे पुरवठादाराचे काम. प्रत्येक पुरवठादाराशी करार वेगळा आणि प्रत्येकाकडची शिल्लक जागाही वेगळी. त्यामुळे एखादी नवी एचडी वाहिनी एका डीटीएच कंपनीवर पहिल्याच दिवशी दिसते, दुसरीवर काही महिन्यांनी, तर एखाद्या केबलवर कधीच नाही. डीटीएच कंपन्यांना लागणारी उपग्रहावरची जागा प्रामुख्याने अंतराळ विभागामार्फत मिळते. २०१० च्या दशकात मागणीच्या मानाने ती फार तोकडी होती. २०२२ च्या जूनमध्ये सोडलेल्या जीसॅट-२४ या उपग्रहाची सगळीच्या सगळी क्षमता टाटा प्लेने भाड्याने घेतली, यावरून या जागेचे मोल कळावे.

सुरुवातीच्या एचडी वाहिन्यांवर खरी एचडी सामग्री कमी असे. जुन्या मालिका आणि चित्रपट ४ः३ चौकटीतले. ते ओढून रुंद चौकटीत बसवले की माणसे बुटकी आणि जाडी दिसत, चंद्रकोर आडवी होई. कडेला काळ्या पट्ट्या सोडून मूळ आकार जपणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. पण ‘पडदा पूर्ण भरत नाही’ या तक्रारीच्या धास्तीने तो अनेकदा टाळला जातो. कृष्णधवल काळातल्या मराठी चित्रपटांचे त्यात फार नुकसान झाले आहे. ज्यांनी ते चित्र चौकटीत बसवले, त्यांची नजर आपण ताणून वाकडी करतो.

पुरवठादारागणिक फरक का पडतो

स्टुडिओतल्या वायरीतून एचडी चित्र सेकंदाला साधारण १.५ गिगाबिट, म्हणजे १,५०० मेगाबिट, वेगाने धावते. घरी पोहोचताना त्याच चित्राला सर्वसाधारणपणे पाच-सहापासून दहा-बारा मेगाबिटांपर्यंत जागा मिळते. म्हणजे मूळ माहितीचा दीडशेवा-दोनशेवा भाग, कधी त्याहूनही कमी. बाकीचे सगळे दाबण्यात, म्हणजे तपशील गाळून माहिती आटवण्यात, जाते, आणि किती दाबायचे हा निर्णय पुरवठादाराचा असतो.

उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरमधून, म्हणजे संकेत झेलून जमिनीकडे पाठवणाऱ्या यंत्रातून, डीव्हीबी-एस२ या प्रसारण पद्धतीने सेकंदाला साधारण ६० ते ७० मेगाबिट माहिती उतरते. त्यात सात-आठ एचडी वाहिन्या ऐसपैस बसतात. बारा-पंधराही बसवता येतात, पण दाटीवाटीने. ही वाटणी ठरावीक हिश्श्यांची नसते. एकत्र कुटुंबाच्या पंगतीसारखे ज्याला भूक जास्त त्याला जास्त वाढले जाते. बातम्यांचा निवेदक खुर्चीत बसून बोलत असेल तेव्हा त्याच्या वाट्याचे मेगाबिट शेजारच्या सामन्याला मिळतात. एकाच वेळी दोन सामने आणि एक मारधाडीचा चित्रपट त्याच पंगतीला आले, की सगळेच अर्धपोटी राहतात आणि चित्र मळते. काही पुरवठादार आडव्या १९२० ठिपक्यांऐवजी १४४० च पाठवून टीव्हीला ते ताणायला लावतात. नाव एचडीच राहते, फक्त केसांच्या बटा आणि साडीच्या काठाची वीण पुसट होते.

दाबण्याची रीतही महत्त्वाची. भारतात डीटीएचची सुरुवात एमपेग-२ वर झाली. त्याच जागेत जवळपास दुप्पट काम करणारी एमपेग-४ पद्धत नंतर आली आणि एचडी वाहिन्या तिच्यावरच उभ्या राहिल्या. जुन्या सेट-टॉप डब्यांना ती वाचता येत नसे, म्हणून एचडी घेताना नवा डबा घ्यावा लागला. केबलच्या बाबतीत आणखी एक टप्पा वाढतो. केबल कंपनी प्रसारकाचा संकेत मोठ्या छत्रीवर उतरवून घेते आणि बऱ्याचदा तो उलगडून पुन्हा दाबते. एकदा दाबलेले चित्र दुसऱ्यांदा दाबले की पहिल्या दाबाच्या खुणाही तपशील समजून जपल्या जातात आणि खरा तपशील हरवतो. उलट जी केबल कंपनी तो संकेत न उलगडता पुढे देते, तिचे चित्र डीटीएचपेक्षा सरस असू शकते. त्यामुळे ‘डीटीएच चांगले की केबल’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पुरवठादारांची कायमची क्रमवारी लावणेही फोल आहे, कारण महिनाभरात चार वाहिन्या वाढल्या की त्याच ट्रान्सपॉन्डरवरचे चित्र खालावते.

हे सगळे एका जागी पाहायचे असेल तर अनंत चतुर्दशीच्या दिवशी लालबागचे थेट प्रक्षेपण पाहावे. दाबणारे यंत्र चित्राचे लहान लहान चौकोन पाडते आणि मागच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच पाठवते. मालिकेत स्वयंपाकघरात उभी राहून आई बोलते तेव्हा ओठ आणि हात हलतात, मागची फळी आणि डबे जागचे हलत नाहीत, त्यामुळे थोडक्यात भागते. पण मिरवणुकीत हजारो डोकी हलत असतात, पुष्पवृष्टी होत असते, झेंडे फडकत असतात आणि तेवढ्यात गुलालाची मूठ उधळली जाते. क्षणभर चित्रातला प्रत्येक ठिपका बदलतो. हातातले मेगाबिट पुरत नाहीत. गुलालाचा ढग ढग राहत नाही, त्याचे गुलाबी चौकोन होतात, आणि मूर्तीचा चेहरा सेकंदभर मेणासारखा गुळगुळीत होऊन पुन्हा उमटतो. कंजूष वाटणीच्या पुरवठादारावर हे चौकोन टपोरे दिसतात. सढळ हाताच्या पुरवठादारावर त्याच क्षणी गुलालाचे कण दिसतात. दर्जाची याहून कडक परीक्षा मराठी दूरचित्रवाणीवर दुसरी नाही.

पाऊस

डीटीएचचा संकेत केयू पट्ट्यात, ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि जोराचा पाऊस तो शोषून घेतो. कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर जुलैची एखादी जोरदार सर आली की पडदा गोठतो. इथे एक गोष्ट लोकांनी अनुभवाने ओळखली आहे. ज्या पुरवठादाराच्या साध्या वाहिन्या जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीने येतात, तिथे आधी एचडी वाहिन्या जातात आणि साध्या थोडा वेळ तग धरतात. कारण एचडीसाठी वापरलेली डीव्हीबी-एस२ पद्धत त्याच पट्ट्यात जास्त माहिती कोंबते आणि त्या बदल्यात स्वच्छ संकेत मागते. पावसाने चित्र अंधूक होत नाही. ते असते तेव्हा पूर्ण असते, नाहीतर चौकोन फुटून थांबते. छत्री एखाद्या बोटाने जरी सरकलेली असेल, तरी उन्हाळ्यात कळत नाही. पावसाळ्यात ती उणीव उघडी पडते, म्हणून छत्रीची दिशा मे महिन्यात तपासून घेणे शहाणपणाचे.

दर

केबलचे डिजिटलीकरण मुंबईत २०१२ च्या अखेरीस, पुणे, नागपूर, नाशिक या शहरांत २०१३ मध्ये आणि उरलेल्या महाराष्ट्रात २०१७ पर्यंतच्या टप्प्यांत झाले. एचडी वाहिनी केबलवर सर्वदूर पोहोचण्याची वाट त्यातून मोकळी झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या दररचनेत १३० रुपये अधिक करात १०० साध्या वाहिन्यांची जागा मिळे. एक एचडी वाहिनी त्या हिशेबात दोन धरली जाई. १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी पॅकमध्ये घालता येत नसे, आणि एकाच पॅकमध्ये एका वाहिनीची साधी व एचडी अशी दोन्ही रूपे घालायलाही मनाई होती. ग्राहकाला एकच कार्यक्रम दोनदा विकला जाऊ नये, असा त्या तरतुदीचा अर्थ. ती योग्यच होती. मात्र एचडीचा जादा दर घेताना चित्राला किमान किती मेगाबिट द्यायचे, हे बिलावर कुठेही नसते. दूध घेताना फॅट मोजले जाते, तशी मोजणी इथेही मागायला हवी.

घरातला शेवटचा टप्पा

उत्तम चित्र डब्यापर्यंत येऊन तिथेच अडलेली घरे आजही पुष्कळ आहेत. लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन टोकांची वायर डब्यासोबत येते आणि बसवणारा माणूस घाईत तीच जोडून जातो. पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, साधेच चित्र जाते. पैसे एचडीचे आणि चित्र एसडीचे, असे वर्षानुवर्षे चालते. एचडीएमआय वायर जोडली आणि डब्याच्या मेनूत १०८०आय निवडले की त्याच संध्याकाळी फरक दिसतो. ‘एचडी रेडी’ म्हणून विकले जाणारे ३२ इंची टीव्ही बहुधा १३६६ × ७६८ ठिपक्यांचे असतात, म्हणजे पूर्ण एचडीच्या अर्ध्याच ठिपक्यांचे. शिवाय बसण्याचे अंतर. एचडीचा तपशील पुरता दिसतो तो पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावरून. ४३ इंची टीव्हीसाठी ते जेमतेम सव्वापाच फूट येते, आणि आपल्याकडे सोफा आठ-नऊ फुटांवर असतो.

दोन पुरवठादारांची तुलना करायची असेल तर एकाच टीव्हीवर, एकाच वायरीने, एकाच प्रसंगात करावी. पाहण्याच्या जागा तीनच: सामन्यातले मैदानाचे गवत, खालून सरकणाऱ्या पट्टीवरच्या अक्षरांच्या कडा आणि कॅमेरा झपाट्याने वळताना मागे बसलेली गर्दी. गवत हिरव्या रंगाचा सपाट थर झाले असेल, अक्षरांभोवती डास घोंघावल्यासारखे दिसत असेल आणि गर्दीतले चेहरे कॅमेरा थांबल्यावर उशिराने उमटत असतील, तर चित्राला जागा कमी मिळते आहे.