मठ, मुसळ आणि फिरती बस: खानदेशातल्या विज्ञान प्रदर्शनांची पार्श्वभूमी

चाळीसगावहून पाटणादेवीला गेलं की गौताळ्याच्या जंगलात शिरल्यासारखं वाटतं. तिथल्या, म्हणजे जुन्या पाटण गावच्या शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 च्या सुमारास अभ्यासकांचं लक्ष वेधलं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने इ.स. 1207 मध्ये त्याला दान दिलं. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण पैशाचा हिशेब मात्र मराठीत: पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळं, जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी-पळी तेल. भास्कराचार्यांचा जन्म पाटणचाच, असं इकडे छातीठोकपणे सांगतात. त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड एवढंच गाव सांगितलंय, आणि ते नेमकं कुठलं यावर एकमत नाही. शिलालेख मठाचा पुरावा देतो, जन्मगावाचा नाही. मठ बाजाराच्या पैशावर चालला आणि दान चंद्रग्रहणाचा मुहूर्त साधून दिलं गेलं, या दोन गोष्टी विज्ञान दाखवत फिरणाऱ्या आमच्या लेखी जास्त मोलाच्या. ज्या शास्त्रासाठी दान दिलं, त्याच शास्त्राने तो मुहूर्त काढता येत होता.

भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात यंत्रांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यातलं सर्वांत साधं यंत्र म्हणजे शंकू, उभा खुंटा. खानदेशात तो आजही सर्वांत स्वस्त प्रयोग ठरतो. जळगाव 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खुंट्याची सावली नाहीशी होते. जुलैतला दिवस बहुधा ढगात जातो, म्हणून भरवसा मेचाच. वेळ मात्र घड्याळातले बारा नाही. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं, जळगाव त्याच्या सुमारे सात अंश पश्चिमेला, म्हणून इथली खरी दुपार 12 वाजून 25 मिनिटांच्या आसपास होते. प्रयोग फसतो तो जमिनीमुळे. 30 सेंटिमीटरचा पाइप एका अंशाने कलला तरी अर्धा सेंटिमीटर सावली उरते, आणि जमलेले लोक म्हणतात, ‘‘अहो, सावली तर आहेच की!’’ चार मिनिटं उशीर झाला तरी तेवढीच सावली पडते. म्हणून फरशी पाणसळीने आणि पाइप ओळंब्याने तपासून घ्यायचा. दुसरी अडचण कॅलेंडरची: तेव्हा शाळांना सुटी असते. पर्यायाने हा प्रयोग शाळेतून उठून चौकात किंवा देवळाच्या ओट्यावर आला आणि तिथेच तो जास्त रंगतो.

मधल्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इंग्रजी अमलात प्रात्यक्षिक म्हणजे शेती आणि त्यातही कापूस. 1927 मध्ये धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं आणि जिल्ह्याला नाव घेण्याजोगं संग्रहालय मिळालं, पण ते पोथ्या, कागदपत्रं आणि मूर्तींचं. हात लावून बघायची वस्तू संग्रहालयात असू शकते, ही कल्पनाच देशात उशिरा रुजली. कोलकात्याचं बिर्ला संग्रहालय 1959 चं. त्याच संग्रहालयाने 1965 मध्ये फिरतं विज्ञान प्रदर्शन सुरू केलं. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद 1978 ची, मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र 1985 चं आणि नागपूरचं रमण विज्ञान केंद्र 1992 चं. जळगाव-धुळे या दोन्हींच्या मधे पडतात आणि दोन्हीकडून दूरच. म्हणून इथल्या पोरांनी विज्ञान केंद्र पाहिलं ते बहुधा फिरत्या प्रदर्शनाच्या बसच्या रूपात.

बसची रचना साधी असते. दोन्ही बाजूंना वीसएक मांडण्या, एकाच वीजजोडणीवर चालणाऱ्या, आणि सोबत एक समजावणारा. वीसच का? एका वर्गातली 50-60 पोरं तीस-चाळीस मिनिटांत फिरून गेली पाहिजेत, नाहीतर दुसरा वर्ग उन्हात ताटकळतो. प्रदर्शनाचा खरा शत्रू मात्र इथलं हवामान. मेमध्ये पारा 45 च्या पुढे गेला की बंद गाडीत ग्लू गनचा डिंक मऊ पडतो आणि चिकटवलेले आरसे खाली येतात. म्हणून आरसे, भिंगं, मोटारी स्क्रूने आवळायच्या. पातळ अॅक्रिलिक वाकतं, निर्वात घुमटाचं, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या झाकणाचं, रबर कडक होऊन हवा आत घेतं. काळ्या मातीची बारीक धूळ प्रत्येक बटणात शिरते. उलट स्थिर विद्युतभार साठवणारं व्हॅन डी ग्राफ यंत्र डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत इतकं छान चालतं की केस उभे राहायला वेळ लागत नाही. तेच यंत्र ऑगस्टमध्ये दमट हवेत विद्युतभार टिकवत नाही आणि समजावणाऱ्याची फजिती करतं.

शाळांच्या प्रदर्शनांची वाट वेगळी. राष्ट्रीय पातळीवर ती 1971 पासून भरू लागली, आणि तालुका, जिल्हा, राज्य अशी उतरंड पक्की झाली. त्यातून चांगली मुलं पुढे आली हे खरं, पण थर्मोकोल, रंग आणि ज्वालामुखी यांचंही पीक आलं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो. त्याचा ज्वालामुखीशी काही संबंध नाही, तरी बक्षीस बऱ्याचदा त्यालाच. परीक्षकाने मुलाला एकच प्रश्न विचारावा: यातला एखादा भाग बदलला तर काय होईल? पाठ केलेलं भाषण तिथेच थांबतं.

शाळेबाहेरची हवा बदलली ती ऐंशीच्या दशकात. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून व्याख्यानं-अधिवेशनं घेत होतीच. 1987 मध्ये 28 फेब्रुवारीला पहिला राष्ट्रीय विज्ञान दिन झाला आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला देशाच्या वेगवेगळ्या टोकांहून भारत जन विज्ञान जथ्थे निघून 7 नोव्हेंबरला, शास्त्रज्ञ सी. व्ही. रमण यांच्या जन्मदिनी, भोपाळला पोचले. गाणी आणि पथनाट्यातून विज्ञान सांगायची रीत त्यांनी रूढ केली. त्यानंतरची मोठी संधी ग्रहणांनी दिली: 1995 चं ऐन दिवाळीतलं आणि 22 जुलै 2009 चं, ज्याच्या खग्रास पट्ट्यात नंदुरबारचा भाग होता.

ग्रहण आलं की आपल्याकडे परातीत पाणी घालून मुसळ उभं करतात. ते उभं राहिलं की ग्रहण लागलं आणि पडलं की सुटलं. यावर हसणारा कार्यकर्ता त्या घरात पुन्हा पाय ठेवू शकत नाही. त्यापेक्षा ग्रहण नसलेल्या दिवशी तेच मुसळ, तीच परात मागून घ्यावी. मुसळ एक मीटर उंच आणि तळ पाच सेंटिमीटर रुंद व सपाट धरला, तर ते सुमारे तीन अंश कलेपर्यंत पडत नाही. परात पाणसळीत असली आणि हात हळूच काढला तर ते कुठल्याही मंगळवारी उभं राहतं. दोन-तीन वेळा पडतंच, तेव्हा घाई करू नये. शेवटचा प्रयत्न घरातल्या आजीला करू द्यावा, कारण हाताला सवय तिची असते.

ग्रहण दाखवायला महागडी साधनं लागत नाहीत. खिशातल्या आरशावर कागद चिकटवून त्याला पाच मिलिमीटरचं भोक ठेवायचं आणि कवडसा सावलीतल्या भिंतीवर टाकायचा. प्रतिमेचा व्यास अंतराच्या 109 व्या भागाएवढा येतो. म्हणजे 11 मीटरवर 10 सेंटिमीटरचा सूर्य मिळतो, अख्खी गल्ली एकदम पाहू शकते. भोक मोठं ठेवलं तर कडा पुसट होतात. आरसा हातात धरला तर चित्र थरथरतं, त्याला विटेचा टेकू द्यावा. एक सूचना न विसरता: पाहायचं ते भिंतीकडे, आरशात किंवा सूर्याकडे नाही.

रात्रीच्या आकाशदर्शनात गर्दीचं गणित चुकतं. शंभरपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत साधारण अर्धा अंश आकाश मावतं आणि पृथ्वी दर चार मिनिटांना एक अंश फिरते. आपोआप फिरणारी बैठक नसेल तर शनी दोन मिनिटांत चौकटीबाहेर. एकेकाला अर्धा मिनिट दिला तरी दर तिसऱ्या-चौथ्या माणसामागे दुर्बीण सरकवावी लागते. त्यात प्रत्येक लहान मूल नळी धरूनच डोळा लावतं. तिवईजवळ एक स्टूल ठेवायचं आणि ‘‘हात पाठीमागे’’ हे आधी सांगायचं.

धडगाव-अक्कलकुव्याकडे जाताना आणखी एक गोष्ट लागते, ती बसच्या यादीत नसते. फलकावरची मराठी पुस्तकी, आणि समोरची पोरं घरी पावरी नाहीतर भिली बोलणारी. चाळीसगाव-पारोळ्याकडे अहिराणीत दोन वाक्यं बोलली की काम निघतं, सातपुड्यात ते चालत नाही. म्हणून तिथल्याच आश्रमशाळेतली आठवी-नववीची चार मुलं आदल्या दिवशी बोलवायची, प्रत्येकाला पाच मांडण्या हाताने उघडून शिकवायच्या आणि दुसऱ्या दिवशी तीच उभी करायची. काय बिघडलं हेही संध्याकाळी तीच सांगतात.