जाम बोल्ट (स्टिअरिंग दुरुस्ती)

गंजामुळे, साचलेल्या घाणीमुळे किंवा आटे बिघडल्यामुळे पान्याने फिरेनासा झालेला बोल्ट म्हणजे जाम बोल्ट. स्टिअरिंगमध्ये तो मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो: स्टिअरिंगची दांडी रॅकला (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या पेटीला) जिथे जोडली जाते त्या युनिव्हर्सल जॉइंटवर (कोनातही फिरणाऱ्या सांध्यावर), रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या टाय रॉडच्या चेक नटवर (त्याची लांबी पक्की धरणाऱ्या नटवर) आणि बॉल जॉइंटच्या (गोळा-वाटीच्या सांध्याच्या) नटवर. या जागा बहुधा गाडीच्या पोटाखाली, चिखलपाण्याच्या माऱ्यात असतात.

लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या फटीत तो फुगला की नट आणि बोल्ट एकमेकांना आवळून धरतात. खारी हवा आणि लांबलेला पावसाळा यांमुळे कोकणपट्टीतल्या गाड्यांना हा त्रास जास्त. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ तेच काम करते.

सर्वांत चिवट असतो तो युनिव्हर्सल जॉइंटचा क्लॅम्प बोल्ट. हा नुसता आवळत नाही. दांडीवर आडवी खाच असते आणि बोल्ट तिच्यातून आरपार जातो, म्हणजे बोल्ट ढिला झाला तरी दांडी निसटू नये. त्यामुळे तो पूर्ण बाहेर काढल्याशिवाय जॉइंट सुटत नाही आणि खाचेत गंजला असेल तर आटे मोकळे होऊनही बोल्ट जागचा हलत नाही. इथे हातोडा जपून वापरावा लागतो, कारण प्रत्येक घाव जॉइंटच्या बारीक बेअरिंगवर आणि रॅकच्या सीलवर जातो. घाव घालायचाच तर जॉइंटला मागून जड लोखंडाचा टेका द्यावा.

सुरुवात तारेच्या ब्रशने आटे साफ करून होते. मग पातळ, झिरपणारे तेल मारून गाडी शक्यतो रात्रभर तशीच ठेवतात. पाना सहा कोनी, घट्ट बसणारा हवा. बाराकोनी गोटीने (डोक्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्याने) गंजलेले डोके लवकर गोल होते. बोल्ट किंचित हलला की लगेच सगळा काढायला जाऊ नये. थोडा सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा, तेल मारायचे, असे करत गंजाचा चुरा बाहेर आणावा लागतो. पान्याला लांब पाइप चढवून लोंबकळणे ही आपल्याकडची लाडकी पद्धत, आणि डोके तुटलेले पुष्कळसे बोल्ट तिचीच कमाई.

तेलाने भागले नाही तर गॅसची ज्योत. पोलाद तापले तरी फार फुगत नाही: १० मिमी व्यासाचे भोक ३०० अंश सेल्सिअसने तापवले तर जेमतेम ०.०४ मिमीने मोठे होते. तरी उपयोग होतो, कारण तापण्या-निवण्यात गंजाची पकड तडकते. आच बोल्टला न देता त्याच्या भोवतीच्या भागाला द्यावी. बॉल जॉइंटजवळ मात्र ज्योत नेली की रबरी बूट आणि आतले ग्रीस गेलेच. तो जॉइंट बदलायचाच असेल तरच हा मार्ग धरावा. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत कधीच नको. क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

डोके तुटलेच तर उरलेल्या खुंटावर नट वेल्ड करून तो फिरवतात. वेल्डिंगची उष्णता इथे आयती मदत करते. तेही फसले तर नेमका मध्य साधून ड्रिल, आणि नंतर आटे पुन्हा पाडायला टॅप.

टाय रॉडचे दुखणे वेगळे. काही गाड्यांत त्याच्या एका टोकाला उलटे आटे असतात, तेव्हा कोणत्या बाजूला फिरवायचे हे आधी पाहावे. बॉल जॉइंटचा नट फिरवताना आतली दांडीच फिरू लागली, तर जॉइंटखाली जॅक लावून दाब दिला की निमुळती दांडी आपल्या जागी घट्ट बसते आणि नट सुटतो.

युनिव्हर्सल जॉइंट सोडण्यापूर्वी चाके सरळ करून स्टिअरिंग बांधून ठेवतात. ते मोकळे गरगर फिरले तर त्यामागची एअरबॅगच्या वायरची गुंडाळलेली पट्टी तुटू शकते.

काढलेला बोल्ट पुन्हा लावत नाहीत. स्टिअरिंगचे बोल्ट बहुधा उष्णताप्रक्रिया केलेल्या उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात आणि ज्योतीने ती ताकद उतरते. नवा बोल्ट त्याच दर्जाचा घेऊन टॉर्क पान्याने (पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या मापावर आवळतात. आट्यांना ग्रीस लावले असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तिकेत सांगितले नसेल तर ते लावू नये. टाय रॉडला हात लागला असेल तर शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे लागते.