न उघडताच चालणारी सॉफ्टवेअर: ही व्यवस्था आली कुठून?

टास्क मॅनेजरमध्ये एखादा प्रोग्रॅम बंद करावा आणि थोड्या वेळाने तो पुन्हा यादीत दिसावा, हे नेहमीचंच. त्याला सुरू करणारी नोंद दुसरीकडेच असते आणि तिला कोणी हात लावलेला नसतो. अशा नोंदींच्या जागा गेल्या चाळीस वर्षांत वाढतच गेल्या.

विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमवर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. तरी काही प्रोग्रॅम कमांड प्रॉम्प्ट परत देऊनही मेमरीतली जागा सोडत नसत. त्यांना टीएसआर (टर्मिनेट अँड स्टे रेसिडेंट) म्हणत. १९८४ साली आलेला बोरलँडचा साइडकिक त्यांतला गाजलेला: दुसरं काम चालू असताना ठरावीक कळा दाबल्या की त्याची वही आणि कॅल्क्युलेटर पडद्यावर येत. त्यासाठी टीएसआर कीबोर्डचा इंटरप्ट (कळ दाबल्याचा संकेत) स्वतःकडे वळवून घेई आणि तो संकेत आधी जिथे जाई तो मेमरीतला पत्ता जपून ठेवी. पुढचा टीएसआर त्याच्यावर तसाच बसे. म्हणून शेवटी आलेला आधी काढावा लागे. खालचा आधी काढला, तर वरच्याकडे राहिलेला पत्ता निकामी होई आणि मशीन अडकून पडे. यावर साधा उपाय होता: मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट फाइलमध्ये टीएसआरच्या ओळीआधी 'रेम' लिहायचं, म्हणजे ती ओळ वगळली जाई, आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. बहुतेक सगळं एकाच फाइलमध्ये, वाचता येईल असं. इतकी उघड व्यवस्था विंडोजला पुढे जमली नाही.

विंडोज ३.१ मध्ये स्टार्टअप ग्रुप होता. विंडोज ९५ पासून रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) 'रन' ही जागा रूढ झाली. विंडोज एनटीच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, तर लॉगिन होण्याआधीच चालू होतात. शिवाय ठरल्या वेळी कामं सुरू करणारा टास्क शेड्यूलर आहेच. या नोंदी पाहायला आणि बंद करायला विंडोज ९८ ने एमएसकॉन्फिग दिलं, २०१२ च्या विंडोज ८ ने टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप टॅब दिला. पण त्या टॅबमध्ये सर्व्हिसेस आणि शेड्यूल केलेली कामं दिसत नाहीत. प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या आणणारे अपडेटर बहुधा या दोन जागीच असतात. सर्व्हिसच्या 'रिकव्हरी' टॅबमध्ये 'रिस्टार्ट द सर्व्हिस' निवडलेलं असेल, तर प्रोसेस मारली तरी ती परत उठते. स्टार्टअप टाइप 'मॅन्युअल' केल्याने भागेलच असं नाही, कारण दुसरा प्रोग्रॅम तिला सुरू करू शकतो. 'डिसेबल्ड' केली की ते थांबतं. सगळ्या जागा एकत्र पाहायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स वापरावं. त्यात नोंद पुसण्याऐवजी तिच्यापुढची टिकची खूण काढून टाकावी, म्हणजे चूक झाली तर ती परत लावता येते.

फोनवर वाट वेगळी निघाली. आयफोनने बाहेरच्या ॲप्सना २०१० च्या आयओएस ४ पर्यंत पडद्यामागे चालूच दिलं नाही. अँड्रॉइडने मोकळीक दिली आणि मग टप्प्याटप्प्याने आवळली: २०१५ मध्ये डोझ (फोन पडून असताना ॲप्सची कामं रोखणारी सोय), २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये पडद्यामागच्या सर्व्हिसेसवर मर्यादा. २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून 'फोर्स स्टॉप' केलेलं ॲप थांबलेलं म्हणून नोंदलं जातं आणि फोन रीस्टार्ट केला तरी आपोआप उठत नाही. तुम्ही ते उघडलं किंवा दुसऱ्या ॲपने थेट हाक मारली तरच उठतं. अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून सरकवून टाकल्याने साधारणपणे ही नोंद होत नाही. मात्र फोर्स स्टॉपनंतर त्या ॲपचे अलार्म आणि सूचनाही थांबतात, म्हणून मेसेजिंग किंवा औषधाची आठवण देणाऱ्या ॲपवर तो वापरू नये.