‘माझा जन्म ख्रिस्ती घरात झाला, पण…’

चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरात साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपलं आयुष्य कसं बदललं ते सर्वांपुढे सांगायला, सोळा-सतरा वर्षांचं पोर उभं राहतं आणि पुष्कळदा याच वाक्यानं सुरुवात करतं. त्यातला ‘पण’ बराच जुना आहे.

साक्ष तशी प्रेषित पौलापासूनची. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर आपण ख्रिस्ताकडे कसे वळलो ते त्यानं अग्रिप्पा राजापुढे स्वतःच सांगितलं. पण साध्या माणसानंही मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, आपली कहाणी सांगावी, ही अट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथीयांनी 1630 च्या दशकात घातली. देवाची कृपा कशी कळली हे सांगितल्याखेरीज पूर्ण सभासदत्व मिळत नसे. तिथल्याच केंब्रिज गावचे पाळक (धर्मगुरू) थॉमस शेपर्ड यांनी अशा पन्नासेक साक्षी वहीत टिपून ठेवल्या. त्यांत मोलकरणींच्याही आहेत. गोची झाली पुढच्या पिढीत. मंडळीतच वाढलेल्यांच्या आयुष्यात सांगण्याजोगं वळणच नव्हतं. मग त्यांच्या लेकरांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही? 1662 मध्ये बोस्टनच्या परिषदेनं तोडगा काढला: बाप्तिस्मा द्यावा, मात्र साक्षीवाचून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकरी-द्राक्षारसाचा विधी, नाही. अर्धं सभासदत्वच म्हणा ना!

किशोरवयीन मुलांच्या हाती साक्ष आली ती मुख्यतः फ्रान्सिस क्लार्क यांच्यामुळे. मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या या पाळकांनी 2 फेब्रुवारी 1881 रोजी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही तरुणांची संस्था काढली. मुलांना करमणूक नव्हे, जबाबदारी द्यावी, असं त्यांचं मत. प्रत्येक सभेत गाण्याखेरीज काहीतरी भाग घ्यायचाच, अशी लेखी शपथ असे. महिन्यातून एकदा हजेरीपट वाचला जाई आणि नाव आलं की आपल्या आत्मिक वाटचालीबद्दल बोलायचं. गैरहजर असाल तर निदान बायबलमधलं एक वचन पाठवायचं.

क्लार्क यांची मंडळी कॉन्ग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपणच पाहावा असं मानणाऱ्या, प्युरिटनांपासून आलेल्या पंथाची. अहमदनगरला 1831 मध्ये ठाणं उभारणारं अमेरिकन मराठी मिशनही त्याच परंपरेतलं. पण मराठी साक्षीचा साचा घडवला तो प्रौढ वयात धर्म बदलणाऱ्यांनी. बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा 1854 चा, आणि त्यांचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र 1888 चं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षं ताटातूट झाली. अशांच्या साक्षीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्यामध्ये घर, जात, नातीगोती तुटलेली असत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मुली रडत, मोठ्यानं पापं कबूल करू लागल्या. त्यांतल्या अनेकींना पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेलं होतं.

या कहाण्यांचा साचा चौथ्या पिढीतल्या नातवंडाच्या अंगावर ढगळ बसतो. मग परीक्षेची भीती, वडिलांशी भांडण, चुकवलेली रविवारची उपासना यांवर त्या ‘पण’चा भार पडतो. मला तरी हे खोटं वाटत नाही, उसनं मात्र वाटतं. काही मुलं सरळ बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हणून खाली बसतात. क्लार्क यांच्या हजेरीपटावर त्यांची हजेरी लागली असती.