बायको 'माजी' झाली, पण नॉमिनी तीच आहे: नॉमिनी आणि वारस यातला घोळ

मावसभावाचा घटस्फोट झाला तेव्हा फ्लॅट, गाडी, लेकीचा ताबा, महिन्याची पोटगी सगळं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मिळून कोर्टात दिलेल्या अटींमध्ये आलं होतं, अगदी रुखवतातली चांदीची भांडी कोणाकडे जाणार तेसुद्धा दोन ओळींत. परवा, म्हणजे तीन वर्षांनी, कसलीतरी पावती शोधायला त्याने फाईल काढली आणि बघतो तर विम्याच्या बाँडवर नॉमिनीच्या रकान्यात तिचंच नाव, पुढे नातं: पत्नी. लगेच मला फोन. "अरे पण घटस्फोटाची डिक्री झालीय ना, मग ती वारसच नाही, तिला कसे मिळतील पैसे?"

वारस नाही हे बरोबर. पण नॉमिनी आहे ना. आपल्याकडे हे दोन शब्द लोक सर्रास एकाच अर्थाने वापरतात, आणि सुखात नांदणाऱ्या घरात ते खपूनही जातं कारण दोन्हीकडे एकच माणूस असतो. घटस्फोट झाला की ती दोन वेगळी माणसं होतात.

नॉमिनी कोण हे तुम्ही ठरवता, फॉर्म भरून. तुम्ही गेल्यावर कंपनीने पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढाच त्याचा मूळ अर्थ. कंपनी आपलं रजिस्टर बघते, मृत्यूचा दाखला आणि क्लेम फॉर्म घेते, पैसे देते आणि मोकळी होते. फॅमिली कोर्टात काय झालं हे तिला कोणी कळवत नाही आणि विमा कायद्यात घटस्फोटाने नॉमिनेशन आपोआप रद्द होतं असं कुठे लिहिलेलं नाही.

वारस कोण हे मात्र तुम्ही ठरवत नाही, कायदा ठरवतो (मृत्युपत्र केलं असेल तर गोष्ट वेगळी). हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगे, मुली, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गात, सगळ्यांना सारखा वाटा. वडील त्यात नाहीत, ते दुसऱ्या वर्गात, हे सांगितलं की दर वेळी कोणीतरी दचकतंच. घटस्फोटित बायको विधवा धरली जात नाही त्यामुळे ती बाहेर. पण लेक? ताबा आईकडे गेला म्हणून बापाच्या इस्टेटीतून तिचं नाव जात नाही, पोर वर्षातून दोनदा भेटत असली तरी पूर्ण वारस. नुसतं ज्युडिशियल सेपरेशन (लग्न न मोडता कोर्टाच्या हुकमाने वेगळं राहणं) झालं असेल किंवा केस अजून चालूच असेल तर बायकोसुद्धा वारस, कारण लग्न अजून मोडलेलं नाही. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे नियम वेगळे आणि गोव्यात तर हिशोबच निराळा, तिथे नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे अर्धी अर्धी धरूनच सुरुवात होते.

मग दोघांत भांडण लागलं तर जिंकतं कोण? जुनं उत्तर सरळ होतं. सरबती देवी खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये सांगितलं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा, मालकी वारसांची, म्हणजे पोस्टमन म्हणा ना. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचंही तेच, आणि तो निकाल आपल्या मराठी माणसांच्या ओळखीच्या घरातला आहे, 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या इस्टेटीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं की नॉमिनी झाला म्हणून तो मालक होत नाही.

पण आयुर्विम्याच्या बाबतीत मधेच २०१५ ची दुरुस्ती आली आणि इथेच खरी गोची आहे. विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये आता असं आहे की आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांच्यापैकी कोणाला नॉमिनी केलं असेल तर तो नुसता पोस्टमन नाही, पैशाचा लाभही त्याचाच. भाऊ, मित्र, पुतण्या नॉमिनी असेल तर ही सवलत नाही.

आता मावसभावाची केस यात बसवून बघा. नॉमिनेशन केलं त्या दिवशी ती बायको होती. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर त्या दिवशी ती बायको नसेल. कायदा 'जोडीदाराला नॉमिनी केलं तर' एवढंच म्हणतो, कुठल्या दिवसाचा जोडीदार ते सांगत नाही. तिचा वकील म्हणणार रजिस्टर बघा, लेकीच्या आणि म्हाताऱ्या आईच्या बाजूचा वकील म्हणणार डिक्री बघा. त्यात कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाने २०२५ मध्ये असंही म्हटलंय की वारसांनी हक्क सांगितला तर २०१५ नंतरही नॉमिनेशन वारसा कायद्याच्या वर जात नाही. माझं मत विचाराल तर डिक्रीवाली बाजू जास्त पटते, पण माझ्या मतावर कोणी क्लेम पास करत नाही! असे दोन दावेदार उभे राहिले की कंपनी कलम ४७ खाली रक्कम कोर्टात भरून बाजूला होऊ शकते, आणि मग तुम्ही बसा वर्षानुवर्षं तारखा घेत. तिथे तलाठ्याकडची वारसनोंद दाखवून काम होत नाही बरं का, ती सातबारापुरती, इथे दिवाणी कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसाचा दाखला, वगैरे मागतात.

एक वेगळाच प्रकार म्हणजे १८७४ च्या मॅरीड वुमन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घेतलेली पॉलिसी, एजंट लोक 'एमडब्ल्यूपी' म्हणतात. तिला कलम ३९ लागूच नाही. ती बायकोमुलांसाठीचा ट्रस्ट धरली जाते, घेणेकरीही हात लावू शकत नाहीत, आणि म्हणूनच नंतर मन बदललं तरी नाव सहज काढता येत नाही. म्हणजे बाँड नीट वाचा, पहिल्या पानावर याचा शिक्का किंवा पुरवणी जोडलेली असते का बघा. मावसभावाची तशी नव्हती, सुटला.

साधी पॉलिसी असेल तर नॉमिनी बदलायला एक फॉर्म पुरतो, जुन्या नॉमिनीची सही लागत नाही, कोर्टाने मनाई केली नसेल म्हणजे झालं. मृत्युपत्रातूनही बदलता येतं पण कंपनीला लेखी कळवलं नसेल आणि तिने चांगल्या हेतूने जुन्या नॉमिनीला पैसे दिले तर कंपनीला धरता येत नाही. आणि हो, पीएफ, बँक, डीमॅट, सोसायटी यांची रजिस्टरं वेगवेगळी, एकीकडे बदललं म्हणून दुसरीकडे बदलत नाही.

त्याने लेकीचं नाव टाकायचं ठरवलं. ती नऊ वर्षांची, म्हणजे अज्ञान, म्हणून ती अठराची होईपर्यंत तिच्या वतीने पैसे घ्यायला अपॉइंटी लागतो. तो रकाना रिकामा ठेवला तर काय होईल असं त्याने विचारलं, मी म्हटलं बापामागे हिंदू मुलीची नैसर्गिक पालक आई, म्हणजे चेक घ्यायला बहुतेक तीच येणार. दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, तशी ती पोरीच्या पैशाला हात लावणारी नाही रे. तरी अपॉइंटी म्हणून माझ्या मावशीचं, म्हणजे त्याच्या आईचं नाव घातलं, मावशी एकाहत्तर वर्षांची, फॉर्मवर सही करताना तिने एवढंच विचारलं की हे पैसे मिळायला मला काय काय करावं लागेल, आणि तो म्हणाला, "काही नाही आई, तू फक्त माझ्यापेक्षा जास्त जगायचंस." त्यावर जी काही बोलणी बसली त्याला!