डिसेबल्ड बेमधलं तिकीट: पहिलं पत्र पाठवण्याआधी हे वाचा

सुपरमार्केटच्या किंवा रिटेल पार्कच्या डिसेबल्ड बेमध्ये, म्हणजे अपंगांसाठी राखीव जागेत, गाडी लावली म्हणून तिकीट आलं, की अपिलाची पत्रं लिहून देणाऱ्या आमच्या दुकानात येणारे बरेच जण कंपनीला एक पत्र आधीच पाठवून आलेले असतात. हे माहितीपत्रक त्या एका पत्राबद्दल आहे.

आधी कागद कोणाचा ते बघा. 'पीसीएन' ही अक्षरं दोन्हींवर असतात. कौन्सिलच्या कागदावर 'पेनल्टी चार्ज नोटीस' लिहिलेलं असतं, खासगी कंपनीच्या कागदावर 'पार्किंग चार्ज नोटीस'. पहिला खरा दंड, त्याचे नियम वेगळे. दुसरं म्हणजे खासगी कंपनीने लावलेली रक्कम, बहुतेक वेळा 100 पौंड, चौदा दिवसांत भरली तर 60. खाली लिहिलंय ते दुसऱ्याबद्दल, आणि तेही इंग्लंड-वेल्सपुरतं. ग्लासगो-एडिंबरोच्या मंडळींनी आधी फोन करावा, तिथला कायदा वेगळा आहे.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगा आईच्या संदर्भातलं तिकीट घेऊन आला. आईंना पक्षाघात होऊन गेलेला, उजवा पाय ओढत चालतात, वॉकर लागतो. ब्लू बॅज, म्हणजे अपंगांसाठीचं पार्किंग कार्ड, आहे, मुदतीतला आहे. थंडीत काच धुरकटली म्हणून ब्लोअर पूर्ण सोडलेला होता आणि दार लावताना बॅज घसरून डॅशबोर्ड आणि काचेच्या फटीत गेला. वॉर्डनने काढलेल्या फोटोत बॅजची निळी कड बोटभर दिसते. इतकी भक्कम बाजू. पण मुलाने त्याच रात्री मोबाइलवरून लिहिलं होतं: 'मी आईला घेऊन गेलो होतो, घाईत गाडी लावली, बॅज पडलेला लक्षात आला नाही, सॉरी, माझी चूक झाली.'

सभ्य मुलगा, खरं तेच लिहिलं. पण या दोन ओळींत त्याने हातातली दोन हत्यारं खाली ठेवली.

पहिलं हत्यार 'मी गाडी लावली' या शब्दांत गेलं. खासगी जागेवर व्यवहार असतो तो गाडी चालवणाऱ्याचा आणि कंपनीचा. कंपनीला चालक माहीत नसतो. ती गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेकडून अडीच पौंडांत गाडीच्या नोंदणीकृत कीपरचं, म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याचं, नाव-पत्ता घेते. कीपरकडून पैसे मागण्याची सोय 2012 च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टच्या चौथ्या परिशिष्टाने दिली, पण तारखा पाळण्याच्या अटीवर. काचेवर तिकीट लावलेलं नसेल, नुसत्या कॅमेऱ्याने पकडलं असेल, तर नोटीस चौदा दिवसांत कीपरच्या हातात पोचली पाहिजे. एक तारखेला गाडी लावली तर पंधरापर्यंत. पोस्टात टाकल्यावर कामाचे दोन दिवस धरायचे, म्हणजे शुक्रवारी टाकलेलं पत्र मंगळवारी पोचलं असं मानतात. काचेवर तिकीट लावलेलं असेल, आणि डिसेबल्ड बेमध्ये पुष्कळदा तसंच असतं, तर कीपरला नोटीस 28 दिवस उलटल्यावर आणि 56 दिवसांच्या आत यावी लागते. तारीख चुकली, की कीपरवरची जबाबदारी उडते. चालक मात्र सुटत नाही. म्हणून 'मीच चालवत होतो' असं एकदा लिहिलं, की तारखांचा हा सगळा मुद्दा संपतो.

आमच्या पत्रात म्हणूनच 'गाडीचा चालक' आणि 'गाडीतून आलेली अपंग व्यक्ती' असे शब्द असतात. काही ग्राहकांना ही लपवाछपवी वाटते. तशी ती नाही. खासगी जागेच्या बाबतीत चालकाचं नाव कंपनीला सांगायची सक्ती कीपरवर नाही. दुसरंच कोणी चालवत होतं असं खोटं आम्ही कधी लिहीत नाही आणि तुम्हीही लिहू नका. अपंग व्यक्ती स्वतःच गाडी चालवत असेल, तर कधीकधी सरळ तसं सांगणंच जास्त फायद्याचं ठरतं. ते कागद बघून ठरवावं लागतं.

दुसरं हत्यार 'सॉरी'मध्ये गेलं. 2010 च्या इक्वॉलिटी ॲक्टप्रमाणे लोकांना सेवा देणाऱ्याने अपंग व्यक्तीसाठी वाजवी सोय करून द्यायची असते, आणि कोणी तक्रार करण्याची वाट न बघता आधीच विचार करून ठेवायची असते. बॅज खरा आहे, व्यक्ती गाडीतून आली होती, बे तिच्यासाठीच होता, हे पुराव्यासकट दाखवल्यावरही पैसे मागत राहणं या कायद्यात कसं बसतं, हे कंपनीला विचारायचं असतं. पार्किंगच्या दोन तासांच्या मर्यादेचंही तसंच: वॉकर घेऊन दुकानात फिरणाऱ्याला जास्त वेळ लागतो, तो मिळायला हवा. ही हक्काची गोष्ट आहे आणि ती हक्काच्या भाषेतच लिहावी लागते. माफी मागितली, की कंपनी ती ओळ उचलते आणि 'नियम मोडल्याचं तुम्ही मान्य केलं आहे' म्हणून अपील फेटाळते.

त्या मुलाचं तसंच झालं. शेवटी सुपरमार्केटच्या मुख्य कार्यालयाला खरेदीची पावती, बॅजच्या दोन्ही बाजू आणि वॉर्डनचाच फोटो जोडून आम्ही तीन पत्रं लिहिली, तेव्हा कुठे तिकीट रद्द झालं. नऊ आठवडे गेले. तोवर आईंनी दुकानात जायचंच सोडलं होतं, 'माझ्यामुळे तुला भुर्दंड' म्हणून. हे ऐकलं की वाईट वाटतं.

बॅजबद्दल एक गैरसमज काढून टाका. ब्लू बॅजच्या सरकारी सवलती रस्त्यावरच्या पार्किंगसाठी आहेत. खासगी जागेत बॅज असला तरी पैसे किंवा वेळेची अट असू शकते, तेव्हा पाटी वाचा. आणि बॅज ठेवताना फोटोची बाजू खाली, मुदतीची तारीख असलेली बाजू वर. ओळखपत्र म्हणून फोटो वर ठेवणारे आठवड्याला कोणीतरी भेटतात.

भारतातून आलेल्या आई-बाबांचं काय, हा प्रश्न उन्हाळ्यात रोज येतो. तिकडचं दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड म्हणजे ब्लू बॅज नव्हे, आणि बॅज इथे राहणाऱ्यांनाच मिळतो. पण इक्वॉलिटी ॲक्ट बॅज विचारत नाही. रोजच्या हालचालींवर मोठा परिणाम करणारा आणि वर्षभर टिकलेला किंवा टिकेल असा त्रास असला, की तो लागू होतो. तिकडचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचे कागद इथे पुरावा म्हणून जोडता येतात. नक्की रद्द होईल असं मी सांगत नाही. पण बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची अवस्था कागदावर असताना मुकाट्याने पैसे भरू नका.

'खासगी तिकिटाला कोण विचारतं, फेकून द्या' हा सल्ला जुना झाला. 2015 साली सुप्रीम कोर्टाने पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात खासगी कंपनीने लावलेली 85 पौंडांची रक्कम योग्य ठरवली. वसुलीवाल्यांच्या लाल अक्षरांना घाबरू नका, ते बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने जप्ती करणारे, नाहीत. पण 'लेटर बिफोर क्लेम', म्हणजे दावा लावण्याआधीचं पत्र, आलं तर तीस दिवसांत उत्तर हवंच. कोर्टाचा फॉर्म आला तर त्याच दिवशी दुकानात या. तो दुर्लक्षित राहिला तर सीसीजे, म्हणजे पैसे भरण्याचा काउंटी कोर्टाचा निकाल, लागतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर सहा वर्षं नोंदीवर राहतो. घराचं कर्ज काढताना तो आडवा येतो.

कंपनीने अपील फेटाळलं, तर ती ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असल्यास पॉप्ला या स्वतंत्र अपील सेवेचा कोड देते. अठ्ठावीस दिवसांत तिथे जायचं, फुकट असतं, निकाल कंपनीवर बंधनकारक आणि तुमच्यावर नाही. पण 60 पौंडांची सवलत तोवर बहुधा गेलेली असते. पॉप्ला दया दाखवून निकाल देत नाही, मुद्दे बघते. दुसऱ्या संघटनेच्या कंपन्यांचं अपील आयएएस या तिच्या अपील सेवेकडे जातं. आमचा तिथला अनुभव फारसा चांगला नाही, म्हणून अशा वेळी आम्ही जागेच्या मालकाकडे आधी जातो.

'अपील फुकट, मग तुमचे 25 पौंड कशाचे?' असं विचारतात. रास्त प्रश्न आहे. तुम्ही स्वतः करू शकता, सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडेही मदत मिळते. आम्ही वकील नाही, तसं कधी सांगितलंही नाही. 25 पौंडांत आम्ही तारखा मोजतो, पाट्यांचे फोटो तपासतो, कंपनीला, जागेच्या मालकाला आणि गरज पडल्यास पॉप्लाला लिहितो. पहिलं पत्र आमच्याकडून गेलं तर एवढंच. तुम्ही आधी पाठवलेलं निस्तरायचं असेल तर 40, कारण काम खरोखरच दुप्पट होतं.

एक काम आम्ही घेत नाही. बॅज आईचा, आई घरी आणि बेमध्ये गाडी मुलाची. रस्त्यावर हा गुन्हा आहे, एक हजार पौंडांपर्यंत दंड होतो. खासगी जागेत असलं तरी आमचं उत्तर तेच. त्या बेची वाट बघत कोणीतरी खरोखर ताटकळत असतं.

येताना नोटीस पाकिटासकट आणा, बॅजच्या दोन्ही बाजूंचे फोटो, त्या दिवशीची पावती किंवा बँकेची नोंद, आणि जमलं तर पाट्यांचे फोटो. आधी काही पाठवलं असेल तर तेही दाखवा, लपवू नका. काहीच पाठवलं नसेल तर उत्तम. दुकानाच्या दाराला पायरी नाही. आई-बाबांना उतरणं जड जात असेल तर हॉर्न वाजवा, आम्ही गाडीपाशी येतो.